गृहपती साने गुरुजी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी ग्रंथालय समितीतर्फे केलेले भाषण)



गणपतीच्या दहा दिवसांत आपल्याकडे एक संध्याकाळ व्याख्यानासाठी राखलेली असते. मोदक स्पर्धा आणि नाटकाची रात्र यांच्यामध्ये ती बिचारी अंग चोरून बसलेली असते. तरीही इतकी मंडळी आलात, त्याबद्दल आधी आभार. यंदा ही संध्याकाळ ग्रंथालय समितीकडे आली. बोलायला एक जण उभा असला तरी भाषण समितीतल्या आम्हा चौघांनी मिळून तयार केले आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणणार आहोत. हा महाराजांचा ‘आम्ही’ नव्हे. बडोद्यात राहायचे म्हणजे एवढा खुलासा करावा लागतो.

विषय ठरला होता ‘आठवणीतले शिक्षक’. आम्ही साने गुरुजींचे नाव सुचवले, तेव्हा कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, “म्हणजे रुमाल घेऊन यायचे का?” त्यांची थट्टा अगदीच खोटी नाही. गुरुजी म्हटले की ‘श्यामची आई’, आणि ‘श्यामची आई’ म्हटले की डोळ्यांत पाणी, असा हिशेब आपल्या घराघरांत पक्का झालेला आहे. पुस्तकाने एकदा रडवले, अत्र्यांच्या चित्रपटाने पुन्हा रडवले. चित्रपट १९५३चा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. पण या सगळ्यात पुस्तकाच्या आधीचा माणूस मागे पडला. त्याआधी सहा वर्षे हा माणूस खानदेशातल्या एका लहान गावात शाळामास्तर होता, आणि शाळा सुटल्यावर तिथल्या छात्रालयाचा गृहपती होता. आज बोलायचे आहे ते त्या गृहपतीविषयी.

‘गृहपती’ हा शब्द आता गेला. आमच्या नातवंडांच्या होस्टेलला ‘रेक्टर’ असतात आणि त्यांची गाठ बहुधा दंडाच्या पावतीवरच पडते. जुन्या मराठी छात्रालयांतून मात्र गृहपती म्हणत. परगावच्या मुलांना जागा द्यायची, त्यांच्या जेवणाखाण्याकडे बघायचे, दिवा मालवला की नाही पाहायचे, आजारी पडले तर उशाशी बसायचे, ही त्याची कामे. धर्मशाळेचा व्यवस्थापक, खानावळवाला आणि घरातला वडीलधारा हे तिघे एका माणसात घातले की गृहपती होतो. शिकवणे हे त्याशिवाय वेगळे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणे एके काळी खोतांचे, पण गुरुजींच्या लहानपणी सगळे ओसरत चाललेले. दापोलीला शिकले, मग फी परवडेना म्हणून औंध संस्थानात गेले, तिथे प्लेग आला तेव्हा पुण्याला नूतन मराठी विद्यालयात. आई १९१७ साली गेली. परक्या गावात विद्यार्थी म्हणून राहणे म्हणजे काय, हे त्यांना पोटातून ठाऊक होते. जागा कोण देईल, आज जेवण मिळेल का, आजारी पडलो तर घरी कळवायचे कसे. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपैकी अनेकांनी असेच वार लावून, माधुकरी मागून शिक्षण केले. आपण त्याच्या गोष्टी अभिमानाने सांगतो. सोमवारी ज्या घरी जेवायला जायचे त्या घरच्या बाईंनी कपाळाला आठी घातली तर घास कसा उतरत असे, ते मात्र त्या गोष्टींत येत नाही. गुरुजी ते विसरले नाहीत, आणि अमळनेरला त्यांनी जे केले त्याचे मूळ आमच्या मते इथे आहे.

अमळनेरला ते आले ते तत्त्वज्ञान शिकायला. प्रताप शेठ यांनी तिथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले होते. पुण्याहून बी. ए. होऊन गुरुजी तिथे दाखल झाले आणि तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. गाव तसे लहान. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांची समाधी, वैशाखातली यात्रा, शेठजींची कापडगिरणी, आणि सुरतेहून भुसावळला जाणारी ताप्ती लाईन. याच गावात पुढे १९४५ साली वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला आणि त्याची आजची विप्रो झाली. एवढ्याशा गावात हे सगळे एकत्र कसे नांदले याचे आम्हाला नेहमी नवल वाटते, पण तो आजचा विषय नाही.

१९२४ साली गुरुजी तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. हेच पुढचे प्रताप हायस्कूल. मराठी, संस्कृत शिकवत. छात्रालयाची जबाबदारी त्यानंतर आली. मुले खेड्यापाड्यांतली, शेतकऱ्यांची. घरी अहिराणी बोलणारी, शाळेत आल्यावर पुस्तकी मराठीपुढे गोंधळणारी. मास्तर कोकणातला, ब्राह्मण, बारीक आवाजाचा, लाजाळू. अशा माणसाला दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांच्या दांडग्या पोरांचे घर चालवायला दिले तर काय होईल, असे कुणालाही वाटावे.

गुरुजींनी काय केले ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मुले शाळेत गेली की गुरुजी खोल्यांतून फिरत. अंथरुणे पसरलेली दिसली की नीट गुंडाळून ठेवत. केर काढत. कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करत. मळके कपडे धुऊन वाळत घालत. मुलगा परत आला की खोली आवरलेली, पण आवरणारा कोणी दिसत नाही. चार दिवसांनी कळते की हे काम मास्तरांचे. पाचव्या दिवसापासून मुलगा अंथरूण स्वतःच गुंडाळू लागतो, कारण एम. ए. झालेल्या माणसाने आपली गोधडी उचलावी याची त्याला लाज वाटते.

या गोष्टी आपण संताच्या गोष्टींसारख्या सांगतो आणि हात जोडून मोकळे होतो. आम्ही चौघांनी त्या जरा वेगळ्या नजरेने वाचल्या, कारण आमच्यातल्या एकाने बावीस वर्षे सरकारी वसतिगृह सांभाळले आहे. ते म्हणाले, “कंदिलाची काच पुसली नाही तर मुलगा रात्री वाचत नाही. एवढे साधे आहे.” काजळलेल्या काचेतून अर्धाच उजेड येतो, डोळे चुरचुरतात, आणि मुलगा म्हणतो उद्या वाचू. छात्रालयातली नापास मुले आणि न पुसलेल्या काचा यांचा संबंध असतो, तो वर्गातल्या शिक्षकाला दिसत नाही, गृहपतीला दिसतो. हे ऐकल्यावर त्या जुन्या गोष्टी आम्हाला एकदम खऱ्या वाटू लागल्या. आजारी मुलाजवळ रात्र काढणे हेही तसेच. मुदतीच्या तापाला त्या काळात फारसे औषध नव्हते. पाणी पाजणे, कपाळावर घड्या ठेवणे, कपडे बदलणे, एवढेच हाती असे, आणि ते करायला कोणीतरी जागे असावे लागे. गुरुजी जागे असत.

पगार फारसा नव्हता, त्यातलाही बराच मुलांच्या फीत आणि पुस्तकांत जाई.

आणि मग ते दैनिक. छात्रालयातल्या मुलांसाठी गुरुजी रोज एक हस्तलिखित पत्र काढत. नाव ‘छात्रालय दैनिक’. मजकूर त्यांचा, अक्षर त्यांचे. मुले झोपली की लिहायला बसायचे आणि सकाळी मुलांच्या हाती द्यायचे. त्यात छात्रालयातल्या बातम्या असत, थोरांची चरित्रे असत, देशात काय चालले आहे ते असे, कुणाचे काही चुकले असेल तर त्याविषयी दोन शब्दही असत. आपली स्मरणिका वर्षातून एकदा निघते आणि संपादकांची तोवर झोप उडालेली असते. मजकूर वेळेवर न देणाऱ्यांत आम्हीही आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. रोज! वाचक किती, तर छात्रालयात जेवढे पाट मांडले जात तेवढे. छापणे नाही, विकणे नाही, नावही नाही. आमच्या मते मराठीत पुढे जे गोष्ट सांगणारे साने गुरुजी आले, ते या पत्रात घडले. समोरच्या मुलाला उद्या सकाळी हे वाचायचे आहे, त्याला अवघड शब्द कळणार नाही, पण खोटा शब्द लगेच कळेल, या धाकात लिहिण्याची अशी तालीम दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

‘श्यामची आई’ पुन्हा उघडून पाहा. ते पुस्तक ‘रात्रीं’त विभागलेले आहे, प्रकरणांत नाही. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मंडळी गोळा होतात आणि श्याम बोलू लागतो. आई ही त्या गोष्टींतली आई खरी, पण ऐकणारे कोण? घरापासून दूर आलेली, एका छपराखाली राहणारी तरुण मुले. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या चार-पाच दिवसांत ते लिहिले. एवढ्या झपाट्याने लिहिता आले, कारण असे सांगण्याची सवय त्यांना छात्रालयात जडलेली होती.

शाळा त्यांनी १९३० साली सोडली, सत्याग्रहात जाण्यासाठी. पुढचे आयुष्य आपल्याला पाठ आहे, म्हणून भराभर जातो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, ती गुरुजींनी उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या कपाटात आहेत. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले सत्याग्रही भेटले. तिथे ते तमिळकडे वळले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, ही त्यांची ‘आंतरभारती’ची कल्पना. आपण बडोदेकरांनी ती ऐकून जरासे हसायला हरकत नाही. दुकानात गुजराती, कचेरीत इंग्रजी, पाहुण्यांशी हिंदी आणि देवघरात मराठी असे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, फक्त त्याला कोणी नाव दिले नव्हते.

१९४७च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरला उपोषण केले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडे करावे, ही मागणी. त्याआधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी गावोगावची देवळे आणि विहिरी उघडायला लावल्या होत्या. उपोषण दहा दिवस चालले आणि मंदिराचे दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५०ला त्यांनी आपले आयुष्य स्वतःच्या हाताने संपवले. त्याविषयी फार बोलू नये असे आम्हाला वाटते. इतकेच म्हणतो की शेकडो मुलांच्या उशाशी रात्री जागलेल्या माणसाच्या त्या रात्री उशाशी कोणी नव्हते.

आता अमळनेरहून बडोद्याला येऊ. ताप्ती लाईनने सुरत, तिथून पुढे आपण. ही वाट खानदेशातल्या माणसाला पाठ आहे. खुद्द आपले सयाजीराव महाराज त्याच बाजूचे, मालेगावजवळच्या कवळाण्याचे. १८७५ साली बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ परक्या गावी शिकायला आला, त्याला राहायला जागा जरा मोठी मिळाली, एवढाच फरक! त्याच महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवले. आणि १९१७ साली कोलंबियाहून शिकून आलेले आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी या गावी आले, तेव्हा त्यांना या गावात राहायला जागा मिळाली नाही.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बडोद्यातल्या पारशी सराईत ते पारशी नाव नोंदवून उतरले, दिवसाला दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, आणि शेजारी मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या यांनी भरलेले मोठे दालन. विजेचा दिवा नाही. कचेरीतून आल्यावर तिथे एकट्याने वाचत बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली. एक हिंदू स्नेही होता, तो म्हणाला की तू आलास तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती स्नेही होता, तो म्हणाला की बायको उद्या येईल, तिला विचारावे लागेल. दोघेही भले लोक. शेवटी कमाटीबागेत पाच तास बसून त्यांनी रात्री नऊची मुंबईची गाडी पकडली. बागेतली ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपण सगळे त्या बागेत लहानपणी प्राणी बघायला गेलेलो आहोत.

काठ्या घेऊन आलेली माणसे काही आपण नव्हतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण १९१७ साली रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाडीत मराठी घरे किती होती? त्या दुपारी त्यांपैकी एकही दार त्यांना ठोठावण्यासारखे वाटले नाही. साने गुरुजी त्या वर्षी सतरा-अठरा वर्षांचे होते, आई गमावलेले, स्वतःच कुणाच्या तरी आसऱ्याला राहून शिकत होते. सात वर्षांनी त्यांच्या हातात एका गावातल्या मुलांचे भवितव्य येणार होते. हे दोन प्रसंग एकमेकांना जोडणारा कागद आमच्याकडे नाही, आम्ही ते फक्त शेजारी शेजारी ठेवत आहोत.

ते शेजारी ठेवण्याचे कारण या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आहे. आपल्या मंडळाच्या चार खोल्या आहेत. जुन्या लोकांनी त्या बांधल्या त्या देशावरून येणाऱ्यांसाठी. उतरायला ओळख नसलेला माणूस स्टेशनवरून टांग्याने सरळ इथे येई. आज तिथे मांडवाचे बांबू, पडदे, मोडक्या खुर्च्या आणि तीन वर्षांची मखरे आहेत. त्या साफ करून वापरात आणाव्यात यावर सगळ्यांचे एकमत आहे. पुढे मत दुभंगते. काहींचे म्हणणे, लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने द्याव्यात, छपराची गळती काढण्याइतके पैसे एका हंगामात सुटतील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, गळती आम्हीच पुस्तकांच्या कपाटावर झेलतो आहोत. काहींचे म्हणणे, नंदुरबार, शहादा, अमळनेर, चोपड्याची मुले विद्यापीठात आणि कारखान्यांत येतात, एका खोलीत सहा-सहा जण राहतात, त्यांना द्याव्यात. आम्ही दुसऱ्या बाजूचे. दोन्हींचा मेळ घालता येतो असेही आम्हाला वाटते: दोन खोल्या वऱ्हाडाला, दोन मुलांना, आणि वऱ्हाडाच्या भाड्यातून मुलांचे वीजबिल. हिशेब करून खजिनदारांना दिलेला आहे.

फक्त खोल्या देऊन भागणार नाही, गृहपती लागेल. पगारी पहारेकरी वेगळा आणि गृहपती वेगळा. आम्ही चौघांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत. ज्याचा वार त्याने संध्याकाळी सात ते नऊ वर जाऊन बसायचे. इंग्रजीचे अर्ज लिहून द्यायचे, गुजराती वाचता येत नसेल तर शिकवायचे, कुणाला ताप असेल तर डॉक्टरांकडे न्यायचे. बुधवार, शुक्रवार आणि रविवार अजून रिकामे आहेत. निवृत्त शिक्षक आपल्या मंडळात कमी नाहीत, आणि भगिनींनी याला पुरुषांचे काम समजू नये. नावे ग्रंथालयाच्या टेबलावरच्या वहीत लिहावीत.

आणखी एक. विद्यार्थ्यांनी भरायच्या अर्जाचा जो मसुदा फिरतो आहे, त्यात नाव, गाव, शिक्षण यांनंतर सहाव्या क्रमांकाला ‘ज्ञाती’ असा रकाना आहे. जुना छापील नमुना समोर ठेवून नवा टाइप करताना तो तसाच उतरला असावा, कुणाचा काही हेतू असेल असे आम्ही मानत नाही. तो रकाना काढावा आणि त्या जागी ‘आजारपणात कोणाला कळवावे’ असा रकाना घालावा, असे लेखी पत्र आम्ही कार्यवाहांना दिले आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, सकाळी दहा वाजता. पत्र तेव्हा वाचले जाईल.